‘ओआरएस द्या’ म्हटल्यावर हातात काय द्यायचं? : औषध दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व औषध दुकानदार आणि त्यांच्या काउंटरवर उभे राहणारे सहकारी,

सप्रेम नमस्कार.

जुलाबाचं पोर घरी असलं की गिऱ्हाईक डॉक्टरच्या आधी तुमच्याकडे येतं. चिठ्ठी नसते. ‘ओआरएस द्या’ एवढंच म्हणतं. तुमच्या मागे दोन वस्तू असतात. ड्रॉवरमध्ये किंवा वरच्या कप्प्यात पांढऱ्या पुडीचा गठ्ठा, आणि समोर, बहुतेक वेळा फ्रिजमध्ये, सफरचंद-संत्र्याचं चित्र असलेला २०० मिलीचा टेट्रा पॅक. पॅक थंड असतो, उघडायला सोपा, मूल आवडीनं पितं. पुडीला पाणी मोजा, उकळा, ढवळा अशी कटकट. म्हणून हात पॅककडे जातो. हे पत्र त्या हाताच्या हालचालीबद्दल आहे.

ओआरएस, म्हणजे ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स किंवा जलसंजीवनी, ही एक ठरलेली कृती आहे. ‘शक्तिवर्धक’ असा मोघम गुण त्या नावात नाही आणि पेयाचा तो प्रकारही नाही. एक लिटर पाण्यात मीठ (सोडियम क्लोराइड) २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. बेरीज २०.५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून हेच प्रमाण मान्य केलं आहे. त्याआधीचं द्रावण यापेक्षा तीव्र होतं (ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ३११). ती २४५ वर आणल्यावर जुलाबाचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी, उलट्या सुमारे ३० टक्क्यांनी आणि सलाइन लावण्याची वेळ सुमारे एक तृतीयांशानं कमी झाली. म्हणजे मूळच्या चांगल्या औषधातूनसुद्धा साखर आणि मीठ थोडं *कमी* केल्यावर ते आणखी चांगलं चाललं. आता टेट्रा पॅकमधली साखर आठवा.

साखर त्यात कशाला, हे गिऱ्हाइकाला नीट सांगता आलं तर निम्मं काम झालं. लोकांना वाटतं ग्लुकोज अशक्तपणा घालवण्यासाठी असतं. तसं नाही. लहान आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत ओढतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. पटकीमध्येसुद्धा (कॉलऱ्यात), जिथे आतडं बादलीनं पाणी बाहेर टाकत असतं, हा दरवाजा उघडाच राहतो. नुसतं पाणी प्यायलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. नुसतं मिठाचं पाणी दिलं तरी तेच. दोन्ही हवेत आणि जवळपास सारख्या प्रमाणात हवेत. द्रावणाच्या एका लिटरमध्ये सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल आहे, तो आकडा योगायोगानं आलेला नाही.

साखर खूप झाली की उलटं होतं. न शोषलेली साखर आतड्यातच राहते आणि शरीरातलं पाणी आतड्यात खेचते. रक्ताची ऑस्मोलॅरिटी २९०च्या आसपास, ओआरएसची त्याहून थोडी कमी, २४५. फळांच्या गोड पेयांची आणि कोलाची ५००च्या वर सहज जाते आणि त्यांत सोडियम बहुधा नावालाच असतं. पोराला जुलाब आहेत म्हणून ज्यूस पाजला आणि जुलाब वाढले, ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. दोष पोराच्या पोटाचा नव्हता.

आकड्यांत बघू. पाणी कमी झालेल्या मुलाला पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोमागे ७५ मिली ओआरएस द्यायचं असतं. साधारण वर्षाच्या, १० किलोच्या मुलाला ७५० मिली. ओआरएसच्या ७५० मिलीत साखर जाते सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. दर १०० मिलीत १२ ग्रॅम साखर असलेलं पेय त्याच मापानं दिलं तर ९० ग्रॅम, म्हणजे अठरा चमचे साखर दहा किलोच्या लेकराच्या दुखऱ्या आतड्यात. हे लिहिताना आम्हीही एकदा थांबून पुन्हा गुणाकार केला.

ही कृती आपल्याकडच्या एका छावणीत सिद्ध झाली, हे इथे सांगायलाच हवं. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे पटकी पसरली. सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा मोजून पुड्या भरून घेतल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीनं बंद केली. द्रावण पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांनी केलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पुढे सोड्याच्या जागी सायट्रेट आलं, कारण सोड्याची पुडी दमट हवेत लवकर खराब होते. कोकणातल्या पावसाळ्यात दुकान चालवणाऱ्यांना ही सुधारणा वेगळी समजवायला नको. महालनबीसांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांचं काम मात्र अजूनही तुमच्या ड्रॉवरमध्ये १ लिटरच्या पुडीत पडलेलं असतं.

नावाचा घोळ कसा झाला, तोही तुम्हाला माहीत आहे, पण तारखा एकत्र ठेवू. ‘एफएसएसएआय’नं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) १४ जुलै २०२२ आणि २ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशांनी पेयांच्या व्यापारी नावात मागेपुढे काही जोडून ‘ओआरएस’ हा शब्द वापरू दिला. अट एवढीच, की ‘जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेलं हे ओआरएस नाही’ असा खुलासा छापायचा. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘आहे’ आणि बाजूला बारीक इंग्रजीत ‘नाही’. तापलेलं मूल खांद्यावर घेऊन रात्री दहाला आलेल्या माणसानं कुठलं वाचायचं? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठेक वर्षं पाठपुरावा केला, न्यायालयात गेल्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला दोन्ही परवानग्या मागे घेतल्या गेल्या. ओआरएसची मान्य कृती नसलेल्या कुठल्याही पेयाच्या नावात तो शब्द चालणार नाही, असं स्पष्ट झालं. त्यानंतर कोर्टकज्जे झाले आणि नोव्हेंबरमध्ये असा माल दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रीतून काढायला लावण्याच्या सूचना राज्यांना गेल्या.

आता अडचण अशी, की पॅकवरचं नाव बदललं तरी गिऱ्हाइकाच्या तोंडातलं नाव तेच आहे. रंग तोच, चित्र तेच, फ्रिजमधली जागा तीच. गिऱ्हाईक ‘ओआरएस द्या’ म्हणतं, बोट पॅककडे दाखवतं, आणि नाव बदललेला ज्यूस पुन्हा औषध म्हणून घरी जातो. कायद्याला जे करायचं होतं ते झालं. इथून पुढचं तुमच्या हातात, शब्दशः.

ओळखायचं कसं? ब्रँडची नावं पाठ करून उपयोग नाही, ती बदलत राहतील. पॅक उलटा करा आणि दर १०० मिलीचे दोन आकडे बघा: साखर आणि सोडियम. खऱ्या ओआरएसमध्ये साखर १.३५ ग्रॅम आणि सोडियम सुमारे १७२ मिलीग्रॅम असतं. पोटॅशियम सुमारे ७८ मिलीग्रॅम. साखर ८, १०, १२ ग्रॅम दिसली की विषय संपला, तो ज्यूस आहे, सोडियम कितीही लिहिलेलं असो. २०० मिलीच्या तयार द्रावणावर घटक ग्रॅममध्ये दिले असतील तर मीठ ०.५२, ग्लुकोज २.७, पोटॅशियम क्लोराइड ०.३, सायट्रेट ०.५८ हे आकडे जुळले पाहिजेत. असं जुळणारं तयार द्रावण बाजारात आहे आणि ते चांगलं आहे. एसटीच्या प्रवासात किंवा स्वच्छ पाणी मिळण्याची खात्री नसेल तिथे जरूर द्या. फक्त लिटरभरासाठी पाच पॅक लागतात आणि तेवढंच काम वीस-पंचवीस रुपयांची एक पुडी करते, हे गिऱ्हाइकाला कळू द्या.

पुडीवर ‘आय.पी.’ (भारतीय औषधकोश) ही अक्षरं आणि औषध उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. खाद्यपेयावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. पहिल्या नजरेला ही खूण पुरते. पण अन्न परवान्यावर निघणाऱ्या इलेक्ट्रोलाइट पुड्याही आल्या आहेत, तेव्हा अखेरचा निकाल आकड्यांवरच द्या.

त्या पुड्यांतला एक नवा प्रकार जरा थांबून बघण्यासारखा आहे. ‘शुगर फ्री इलेक्ट्रोलाइट’. साखर वाईट, मग बिनसाखरेचं चांगलं, असा सरळ हिशोब करून लोक तो जुलाबालाही मागतात. पण आतड्यातल्या त्या वाहक प्रथिनाला सोडियमसोबत ग्लुकोजच लागतं, सुक्रालोजसारखी कृत्रिम गोडी त्याला चालत नाही. गोडी लागली, दरवाजा बंदच. व्यायामानंतर घाम भरून काढायला कुणाला घ्यायचं तर घेवो, जुलाबाला ते ओआरएसच्या जागी देऊ नका. आणि मधुमेहाचे रुग्ण ‘त्यात ग्लुकोज आहे’ म्हणून पुडी परत करतात, त्यांना सांगा की अख्ख्या लिटरमध्ये १३.५ ग्रॅम आहे, दोन पोळ्यांत याहून जास्त कर्बोदकं जातात. जुलाबात पाणी कमी होणं हा त्यांच्यासाठी मोठा धोका आहे. ओआरएस घ्यावं, साखर तपासत राहावी, आणि औषधाच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारावं.

डब्यात मिळणारी ग्लुकोज पावडर तर वेगळंच प्रकरण. ती जवळपास निव्वळ ग्लुकोज. मीठ नाही. उन्हाळ्यात तिचा खप किती होतो ते तुम्ही जाणता. जुलाबाच्या मुलाला ती दोन मोठे चमचे पेल्यात टाकून दिली की पुन्हा तीच न शोषलेली साखर.

आता खऱ्या पुडीबद्दल. ती दिली की आपलं काम झालं, असं नाही. घरी गेल्यावर निम्म्या चुका पुढे होतात आणि त्यातल्या सगळ्यांत वाईट चुकीला आपणच जागा ठेवलेली असते: एकाच गठ्ठ्यात दोन मापांच्या पुड्या. मोठी, चव-सुगंध धरून २१ ग्रॅमच्या आसपास, लिटरची. छोटी, ४ ग्रॅमच्या आसपास, २०० मिलीची. रंगसंगती सारखीच. घरी ज्यांनी मागच्या वेळी छोटी पेल्यात टाकली होती, ते मोठीही पेल्यातच टाकतात. पाचपट तीव्र द्रावण. लिटरला ३७५ मिलिमोल सोडियम, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळपास जाणारं. लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम यानं धोकादायक वाढू शकतं. झटके येऊ शकतात, मेंदूला इजा होऊ शकते. ओआरएसमुळे नुकसान होऊ शकतं ते असं, मापात चुकल्यामुळे. उलट छोटी पुडी लिटरभर पाण्यात गेली तर नुसतं फिक्क्या चवीचं पाणी उरतं आणि घरचे म्हणतात, दिलं हो, काही फरक नाही.

म्हणून पेन काढा. मोठ्या पुडीवर ठळक ‘१ लिटर’ लिहून द्या. तोंडी ‘लिटरभर’ सांगितलेलं दारापर्यंत टिकत नाही, आणि लिटर म्हणजे किती याचा अंदाज प्रत्येक घरात वेगळा असतो. तांब्या, गडवा, जग, फुलपात्र, सगळ्यांची मापं निराळी. प्यायच्या पाण्याची विकत मिळणारी १ लिटरची बाटली जवळजवळ प्रत्येक घरात रिकामी पडलेली असते. तीच धुऊन गळ्यापर्यंत भरायची, हे सगळ्यांत सोपं माप.

कृती अशी सांगा. हात साबणानं धुवा. उकळून गार केलेलं किंवा तुम्ही एरवी पिता ते स्वच्छ पाणी लिटरभर घ्या. पुडी पूर्ण, एका वेळी त्यात टाका. अर्धी टाकून उरलेली रबर लावून ठेवायची नाही. चारही घटक हलवताना वेगवेगळे खाली बसतात, अर्ध्या पुडीत प्रत्येकाचं अर्धं येईलच असं नाही, शिवाय उरलेली पूड ओल धरते. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. वरून साखर नको, मीठ नको, लिंबू नको. दुधात, चहात, ज्यूसमध्ये, सोड्यात कालवायचं नाही. कालवल्यानंतर उकळायचं नाही, पाणी उडून द्रावण घट्ट होतं. झाकून ठेवा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या, नवी पुडी फोडा. चव बघा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर माप चुकलं आहे. पुडी फोडल्यावर गोळा झालेली, तपकिरी पडलेली निघाली तर ती परत घ्या आणि बदलून द्या. त्या वीस-पंचवीस रुपयांवर दुकानाचं नाव टिकतं.

पाजायचं वाटी-चमच्यानं. बाटलीनं नाही, कारण बाटलीनं मूल घटाघटा ओढतं आणि सगळं बाहेर काढतं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. हे हास्यास्पद थोडं वाटतं, पण मिनिटाला ५ मिली म्हणजे तासाला ३०० मिली, जवळपास सलाइनच्या वेगानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा, आणखी सावकाश. ‘उलटी होतेय म्हणून बंद केलं’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबवा. पाणी कमी झालेलं नसेल तर प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्याला १०० ते २०० मिली, मोठ्याला हवं तेवढं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मऊ भात, वरण, दही-भात, केळं, खिचडी, जे खातं ते द्यायचं. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवायची जुनी रीत मुलाला आणखी खंगवते.

आता एक गोष्ट खऱ्या ओआरएसच्या बाजूनं नव्हे, त्याच्या विरुद्ध वाटेल अशी. ओआरएसनं जुलाब थांबत नाहीत. ते गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं, बस. साधा जुलाब बहुधा काही दिवसांत, आठवड्याच्या आत आपला आपण जातो. तोपर्यंत मूल सुकू नये एवढंच पुडीचं काम. हे आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी येतं, ‘फरक नाही, काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणतं, आणि मग अँटिबायोटिकची पट्टी किंवा जुलाब बांधणारी गोळी बाहेर निघते. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या लहान मुलांना द्यायच्याच नाहीत. आतड्याची हालचाल मंदावते, आजार आतच राहतो. आणि बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात, अँटिबायोटिक तिथे काहीच करत नाही, नवे जुलाब मात्र लावू शकतं.

जुलाबाचा कालावधी आणि जोर खरोखर कमी करणारी एक साधी वस्तू आहे, आणि तिच्या जाहिराती क्वचितच दिसतात: जस्त, म्हणजे झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम, १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. सिरप देत असाल तर ५ मिलीत मूळ जस्त किती आहे ते बघून माप सांगा, क्षाराचं वजन वेगळं असतं. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की घरचे गोळी थांबवतात, म्हणून १४ हा आकडा पाकिटावर लिहून द्या. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते, ती पूर्ण १४ दिवसांमुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं, झिंक मात्र साधारण ३० टक्क्यांनाच. ही तफावत काउंटरवर भरून निघू शकते. पुडी मागितली की झिंक सोबत विचारायचं, एवढंच. ज्यांना परवडत नाही त्यांना सांगा, सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे दोन्ही फुकट मिळतं.

पुडी नसेल, रात्र असेल, गाव लांब असेल तर घरचं द्रावण: लिटरभर पाणी, चहाचे सहा *सपाट* चमचे साखर, अर्धा *सपाट* चमचा मीठ. चमच्यावरचा ढीग बोटानं पाडायचा. शिगोशीग चमच्यानं मीठ दुप्पट होतं. घरची साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते, म्हणून तिचं वजन पुडीतल्या ग्लुकोजच्या दुप्पट घ्यावं लागतं, कृतीत चूक नाही. यात पोटॅशियम नसतं, तेव्हा हा तात्पुरता मार्ग. मीठ घातलेली तांदळाची पेज, मीठ घातलेलं पातळ ताक, वरणाचं पाणी हेही चालतं आणि पेज तर उत्तम. शहाळ्याच्या पाण्याची मात्र फार स्तुती झाली आहे. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, म्हणजे जुलाबात जे सगळ्यांत जास्त जातं तेच कमी. सोबत द्या, एकटं नको. लिंबू सरबतात आपण पेल्याला तीन-चार चमचे साखर घालतो. म्हणजे पुन्हा ज्यूसच.

उन्हाळ्याकडे वळू, कारण मार्च ते जून तुमचा पुड्यांचा खप जुलाबापेक्षा उन्हामुळे जास्त असतो. विदर्भात, मराठवाड्यात उन्हात राबणाऱ्या माणसाला घाम भरून काढायला ओआरएस योग्यच आहे. पण निरोगी माणसानं एसीत बसून ‘रोज एक पुडी, हायड्रेशनसाठी’ घेणं हा निव्वळ प्रचार. लिटरच्या एका पुडीत सुमारे १७२५ मिलीग्रॅम सोडियम आहे. मिठात मोजलं तर जवळपास ४.४ ग्रॅम, आणि दिवसभराची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी. जेवणातलं मीठ, पापड, लोणचं त्यावर वेगळं. रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेला माणूस अशक्तपणासाठी स्वतःहून पुड्या मागत असेल तर त्याला डॉक्टरांना विचारायला सांगा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पुडीतलं पोटॅशियमही महागात पडू शकतं. पुडी जुलाबात जीव वाचवते म्हणून ती टॉनिक होत नाही.

कुणाला पुडी देऊन घरी पाठवायचं नाही, हेही काउंटरच्या मुलाला ठाऊक हवं. मूल सुस्त पडलंय, उठवल्यावर नीट बघत नाही. पिऊच शकत नाही, किंवा जे पितं ते सगळं उलटतं. डोळे खोल गेलेत, तान्ह्याची टाळू खाली गेली आहे. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट होत नाही, हळूहळू बसते. शौचात रक्त आहे. सहा तासांत लघवी नाही. बाळ दोन महिन्यांखालचं आहे. यातलं एकही असेल तर दवाखाना, आणि वाटेत ओआरएस पाजत. ‘आधी हे देऊन बघा’ नको. मोठ्या माणसाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब धडाधड होत असतील तर तेही तसंच, पटकी तासांत माणूस संपवते.

मांडणीबद्दल एवढंच म्हणणं आहे. पुड्या समोर, हाताशी. छोट्या आणि मोठ्या वेगळ्या डब्यांत. ज्यूसचे पॅक विकायचे तर विका, पण थंड पेयांच्या रांगेत, औषधाच्या शेजारी नाही. ‘ओआरएस’ छापलेला जुना माल अजून कुठे कप्प्यात असेल तर डिस्ट्रिब्युटरला परत करा. दहावर एक फुकट अशी स्कीम पॅकवर येते, पुडीवर सहसा येत नाही, हे आम्हाला समजतं. त्या एका फुकट पॅकसाठी फ्रिजचं दार कुठे उघडायचं ते तुम्ही ठरवा. कुणी ‘ओआरएस’ मागितलं तर दोन प्रश्न विचारा: कुणासाठी, आणि जुलाब आहेत का. जुलाब असतील तर पुडी, झिंक, ‘१ लिटर’ आणि ‘१४ दिवस’ लिहिलेलं. नसतील, मुलाला नुसतं गोड प्यायचं असेल, तर मग ज्यूस ज्यूस म्हणून विका.

आणि आज दुकान बंद करताना एक करून बघा. रात्रीच्या पाळीला जो पोरगा एकटा असतो, त्याच्या हातात मोठी पुडी द्या आणि विचारा, यात पाणी किती. तो ‘ग्लासभर’ म्हणाला, तर उद्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत रिकामी बाटली घेऊन त्याच्यासमोर एकदा पुडी कालवून दाखवा.

आपले,
जुलाबाच्या रुग्णांसोबत काम करणारे काही डॉक्टर, औषधनिर्माते आणि आहारतज्ज्ञ